बॅगेतला सँडपेपर

२०१८ च्या मार्चमध्ये केपटाऊनच्या कसोटीत कॅमेरून बँक्रॉफ्टला पिवळ्या सँडपेपरचा तुकडा पँटमध्ये लपवताना कॅमेऱ्याने टिपलं आणि क्रिकेटविश्वात हलकल्लोळ झाला. स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर घरी, बँक्रॉफ्ट नऊ महिने. आमच्या मिशिगनच्या मराठी गोतावळ्यात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. बॉल घासणं हे केवढं पातक, यावर एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या काकामंडळींचं एकमत झालं होतं. मी गप्प राहिले. माझ्या गाडीच्या डिकीत ५०० पासून ४००० ग्रिटपर्यंतचे घासायचे पॅड (आकडा जितका मोठा तितका पॅड गुळगुळीत) एका डब्यात ओळीने लावलेले होते, आणि लीगला जाण्याआधी त्यांतला एक मी बॉलवर फिरवणार होते. उघडपणे, नियमात बसून, वर आणखी चारजणांचा सल्ला घेऊन.

खेळ टेनपिन बोलिंगचा. आपल्याकडे हा खेळ माहीत असतो तो मॉलमधला: भाड्याचे बूट, निऑनचे दिवे, हाताशी येईल तो रंगीत बॉल आणि शेवटी वाढदिवसाचा केक. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये मीही पहिल्यांदा अशीच खेळले होते. डेट्रॉइटच्या परिसरात राहायला आल्यावर पाहिलं तर इथे हा खेळ मोटार कारखान्यांतल्या शिफ्टच्या जोडीने रुजलेला. जवळच अ‍ॅलन पार्कला थंडरबोल नावाचं केंद्र आहे, तिथे एका छपराखाली ९० लेन आहेत. बाहेर गुडघाभर बर्फ असताना माणसं दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या भिडूंबरोबर तीन गेम खेळतात आणि घरी जातात. त्यांतल्या मुरलेल्या खेळाडूंचं बॉल निवडणं, त्याला भोकं पाडून घेणं, तो घासणं सुरुवातीला मला नुसते चोचले वाटायचे. पण त्यांची भाषा कानावर पडायला लागली तसं लक्षात आलं की हे लोक माझ्याच धंद्यातलं बोलताहेत.

माझा धंदा म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचा आतला पृष्ठभाग. भोसरीला उमेदवारीची वर्षं त्यातच गेली आणि इथेही तेच काम आहे. होनिंग झालेल्या, म्हणजे बारीक घासून घेतलेल्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी असते. ती तेल धरून ठेवते. बोलिंग बॉलवरच्या रेघांचं काम नेमकं उलटं, त्यांनी तेलाचा थर भेदून खालची लेन पकडायची. खडबडीतपणा मात्र दोन्हीकडे ‘आरए’ याच मापाने मोजतात. अमेरिकेतली नियामक संस्था, यूएसबीसी, बॉलला जास्तीत जास्त ५० मायक्रोइंच आरए चालवून घेते. म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या जरासं वर. एवढ्याशा खरखरीतपणावर माणसं तावातावाने भांडतात, आणि त्यात काही वावगं नाही असं माझं मत झालंय.

कारण तेल. लेनवरचं तेल दिसत नाही, म्हणून नवख्याला त्याचा पत्ताच नसतो. फाउल लाइनपासून, म्हणजे खेळाडूने ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब, जेमतेम साडेतीन फूट रुंद, ३९ पट्ट्यांची. त्यावर यंत्राने मिनरल ऑइलचा थर देतात, एका लेनला साधारण २० ते ३० मिलिलिटर. भरली वांगी करताना यापेक्षा फार कमी तेल लागत नाही. हा थर सगळीकडे सारखा नसतो. सुरुवातीच्या चाळीसेक फुटांत तेल, पुढचा भाग कोरडा. रुंदीतही मधल्या पट्ट्यांवर दाट आणि कडेला नावापुरतं. त्यामुळे मधे टाकलेला बॉल घसरत सरळ जातो आणि कडेला गेलेला बॉल कोरड्याला लागून आत वळतो. थोडं चुकलं तरी लेनच सांभाळून घेते. हा झाला रोजच्या लीगचा ‘हाउस’ पॅटर्न. स्पर्धांमध्ये तेल आडवं बरंच समसमान पसरलेलं असतं आणि लेन कोणाचे लाड करत नाही. व्यावसायिकांच्या पीबीए या संघटनेने आपल्या काही पॅटर्नना प्राण्यांची नावं दिली आहेत. चीता आखूड, शार्क लांब, मधे वायपर, स्कॉर्पियन वगैरे मंडळी.

आता थोडं गणित, कारण ते केल्याशिवाय बाकीचं सगळं जादूटोण्यासारखं वाटतं. बॉल ताशी १७ मैल वेगाने निघाला आणि मिनिटाला ३०० फेरे घेत हातातून सुटला असं धरा. ६० फूट जायला त्याला अडीच सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. सुटतानाची फिरकी तशीच राहिली तर तेवढ्यात १२ फेरे होतील. बॉलचा घेर २७ इंच. तोच बॉल जराही न घसरता लोळत गेला असता तर सुमारे २७ फेरे झाले असते. मधली तफावत म्हणजे घसरण. बॉल आधी घसरतो, मग वळतो, मग लोळतो. ड्रिलिंग, पॉलिश, सँडपेपर ही सगळी खटपट या तीन टप्प्यांच्या सीमा लेनवर कुठे पडाव्यात, एवढ्याचसाठी.

उजव्या हाताच्या खेळाडूला १ आणि ३ नंबरच्या पिनांमधला ‘पॉकेट’ गाठायचा असतो, साडेसतराव्या पट्टीच्या आसपास, चार ते सहा अंशांचा कोन करून. तिथे पोचताना बॉल नुकता लोळायला लागलेला हवा. खूप आधी लोळू लागला तर दम संपतो, आणि घसरतच आला तर पिनांना लागून भलतीकडे सरकतो. सगळं जुळून आलं की बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात.

यात नवख्याचा अंदाज हमखास चुकतो तो इथे: बॉल जितका खडबडीत तितका तो जास्त वळणार. तेल दाट असेल तर हे खरं. पण तेल कमी असेल तर खडबडीत बॉल फार लवकर लेन पकडतो, अर्ध्या वाटेतच आपली फिरकी खर्चून बसतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत मवाळ होतो. पाहणाऱ्याला वाटतं, बॉल वळत नाहीये, अजून घासायला हवा. आमच्या लीगमध्ये एक दणकट तरुण आहे, फिरकी भयंकर. तिसऱ्या गेमला त्याचा बॉल हटकून ढेपाळतो आणि पुढच्या आठवड्याला तो आणखी खरखरीत करून आणतो. त्याला पॉलिशचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण ‘गुळगुळीत केल्यावर वळेल’ हे ऐकायला इतकं विचित्र वाटतं की बिचाऱ्याला पटत नाही.

मुरलेले खेळाडू बॉल किती वळला यापेक्षा मागे काय उरलं ते पाहतात. कोपऱ्यातली १० नंबरची पिन उभी राहिली तर नवखा नशिबाला शिव्या देतो. जाणकार ६ नंबरच्या पिनेकडे बघतो. ती उसळून १० च्या मानेभोवतून गेली असेल तर बॉलमध्ये जोर आहे, फक्त कोन केसभर चुकला. ती मरगळून गटारात आडवी झाली असेल तर बॉल पोचण्याआधीच संपला होता. पहिल्यात पाय जरा इकडेतिकडे केले की भागतं. दुसऱ्यात बॉल बदलायचा किंवा पुढच्या वेळी ग्रिट वाढवून यायचं.

बॉलचं कव्हर तेल कापतं हे फार जुनं ज्ञान आहे. १९७३ साली डॉन मॅक्यून नावाच्या खेळाडूने प्लास्टिकचे बॉल सॉल्व्हंटमध्ये भिजवून मऊ केले, त्या मोसमात सहा विजेतेपदं पटकावली आणि ‘प्लेअर ऑफ द इयर’ झाला. त्यानंतर कडकपणाचे नियम आले. १९८१ मध्ये एएमएफने ‘अँगल’ हा युरेथेनचा बॉल काढला, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आलं, ज्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल शिरतं. पुढे यूएसबीसीने यंत्राकडून बॉल टाकवून घेऊन त्यांच्या चालीचा सविस्तर अभ्यास केला. त्यात सर्वांत प्रभावी ठरला तो पृष्ठभागाचा खडबडीतपणा. बॉलच्या पोटातला कोअर, ज्याची चित्रं खोक्यावर छापतात, तो बराच खाली होता.

तरीही भोकं पाडून घ्यायला दुकानात आलेला माणूस पहिला प्रश्न लेआउटचा विचारतो, म्हणजे कोअरच्या हिशेबाने भोकं बॉलवर नेमकी कुठे पाडायची याचा. याला कारण आहे. घासणं कोणीही करू शकतं. लेआउट म्हणजे आकडे, कोन, खास फूटपट्ट्या. त्याला विद्येचा वास येतो.

आमचा ड्रिलर, म्हणजे बॉलला भोकं पाडून देणारा, पासष्टीचा असेल. त्याच्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या दुकानात, ड्रिल प्रेस, बॉल फिरवणारा स्पिनर आणि जळक्या रेझिनचा एक गोडसर, घशाला खरखर करणारा वास. नवा बॉल घेऊन गेलं की तो बॉलकडे पाहतच नाही, हात पुढे करायला सांगतो. अंगठा किती मागे वळतो, मधलं बोट आणि अनामिका यांची पहिली पेरं कुठे येतात, कातडी कुठे घट्टे पडून कडक झालीय, हे सगळं दाबून बघतो. भोक सरळ आत जातं की तळहाताकडे कललेलं असतं, त्याची कड किती घासून गोल करायची, हे ठरवण्यात त्याचा निम्मा वेळ जातो. “अंगठा अडकला तर जगातला कुठलाही लेआउट तुला वाचवणार नाही,” असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. संध्याकाळी हात सुजला की भोकात चिकटवलेली टेपची एक पट्टी काढायची, आकसला की एक वाढवायची. मला विचाराल तर दहा पिनांतल्या निदान एकीचं मरण त्या टेपमध्ये असतं.

मग तो मला लेनवर पाठवतो. दोन-तीन बॉल टाकून परत आले की बॉलवर तेलाच्या कड्या उमटलेल्या असतात. पहिली कडी तो ग्रीस पेन्सिलने गिरवतो आणि त्या वर्तुळाचा ध्रुव शोधतो. हा पीएपी, म्हणजे हातातून सुटल्या क्षणी बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक. माझा पकडीच्या मध्यापासून उजवीकडे पावणेपाच इंच आणि वर पाव इंच. तिथे पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून तो मला पुन्हा टाकायला लावतो. बिंदू बरोबर असेल तर सुरुवातीच्या काही फुटांत तो पांढरा ठिपका जागच्या जागी फिरताना दिसतो. चुकला असेल तर हेलकावे खातो. हे मला फार आवडतं. दोन माणसांचे हात सारखे नसतात, म्हणून नेटवरून उतरवून आणलेला दुसऱ्याचा लेआउट फुकट असतो. खांदा दुखावला, वय झालं, अंगठा सोडायची सवय बदलली की हा बिंदूही सरकतो.

बॉलवर एक रंगीत ठिपका असतो. कव्हर ओतताना कोअरला जिथे धरून ठेवलेलं असतं त्याची ती खूण, तिलाही पिनच म्हणतात (समोरच्या दहा पिनांशी तिचा काही संबंध नाही). लेआउटमधला कळीचा आकडा म्हणजे या ठिपक्यापासून पीएपीपर्यंतचं अंतर. घेर २७ इंच, त्याचा चतकोर पावणेसात इंच. ठिपका पीएपीवरच असेल किंवा पावणेसात इंचांवर असेल तर कोअर शांत राहतो. बरोबर अर्ध्यावर, ३ ३/८ इंचांवर, तो सगळ्यात अस्वस्थ असतो. फिरताना अक्ष सरकत जातो आणि दर फेऱ्याला बॉल जरा वेगळ्या रेषेवर टेकतो. याला ‘फ्लेअर’ म्हणतात. बॉल परत आला की त्याच्या कड्या एकमेकींपासून पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात आणि दोन जागी मिळालेल्या. फ्लेअरचा उपयोग एवढाच की प्रत्येक फेऱ्याला तेल न लागलेला, ताजा पृष्ठभाग लेनला भिडतो. म्हणजे लेआउटची सगळी विद्या शेवटी पृष्ठभागाच्याच सेवेला हजर होते, पण हे दुकानात बोललेलं चालत नाही.

दुसरे दोन आकडे कोनांचे. अंश, इंच, अंश अशी तीन आकड्यांत लेआउट लिहायची रीत मो पिनेल या डिझायनरने रूढ केली. २०२१ मध्ये तो वारला. ५०, साडेचार, ३५ असं काही ड्रिलरच्या वहीत लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा कोन लहान ठेवला तर ठिपका बोटांच्या वर जातो आणि बॉल कोरड्यावर पोचल्यावर चटकन वळतो. मोठा ठेवला तर ठिपका खाली येतो, वळण गोलसर आणि सावकाश होतं. पहिला कोन मुख्यतः असमान कोअरच्या बॉलला महत्त्वाचा, बॉल लवकर लोळू लागावा की उशिरा हे त्यावर हलतं. याहून खोलात मी जात नाही. त्या पाण्यात उतरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचे गुण वाढलेले मला दिसलेले नाहीत.

मुरलेले खेळाडू लेआउट निवडताना आश्चर्य वाटावं इतके बेताने वागतात. ज्यांची फिरकी जोरदार आणि वेग कमी, ते कोअरला जरा शांत करतात. ज्यांचा वेग जास्त आणि फिरकी कमी, ते बॉलला लवकर जागं करणारा लेआउट मागतात. आणि बहुतेक जण आपल्या सगळ्या बॉलना दोन-तीनच लेआउट आलटूनपालटून वापरतात. बॅगेतला एक बॉल ‘बेंचमार्क’ ठरवलेला असतो, ज्याची चाल डोळे मिटून सांगता येईल. तो टाकून लेन काय म्हणते ते कळतं, मग त्याहून जोरकस की मवाळ ते ठरवायचं. सगळ्यांचेच लेआउट तऱ्हेवाईक असतील तर फरक कशामुळे पडला, तेलामुळे की भोकांमुळे, हेच समजत नाही. कारखान्यात आम्हीही एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

१ ऑगस्ट २०२० पासून या बेतशीरपणाला आणखी एक कारण मिळालं. त्याआधी लेआउट मनासारखा जमला नाही की चौथं भोक पाडून तोल बदलता येत असे. यूएसबीसीने त्या दिवसापासून ही तोलाची भोकं बंद केली. बोट जात नसेल ते भोक बेकायदा. जेसन बेल्मोंटेसारखे दोन हातांनी टाकणारे अंगठा वापरत नाहीत, त्यांच्या बॉलला दोनच भोकं. भोकं भरून बॉल नव्याने पाडता येतो, पण पैसे पुन्हा मोजावे लागतात. आमचा ड्रिलर या नियमावर अजून चिडून आहे, कारण त्याची अर्धी कारागिरी त्या चौथ्या भोकात होती. माझं मत वेगळं आहे. आता लोक दुरुस्तीसाठी प्रेसकडे न धावता आधी पॅड उचलतात, हे बरंच झालं.

पॅड फिरवणं हे दिसतं तितकं सोपं नाही. बॉल स्पिनरच्या वाटीत ठेवायचा, पॅडवर पाणी मारायचं, तळहात सपाट ठेवून वरून खाली आणायचा. थोड्याच वेळात पॅडखालून बॉलच्या रंगाचा चिखल निघायला लागतो. जांभळ्या बॉलचा चिखल फिका लव्हेंडर असतो आणि नखांत दोन दिवस राहतो. मग बॉल उलटायचा, आडवा करायचा, पुन्हा उलटायचा, चारही बाजूंना तेवढाच वेळ आणि तेवढाच दाब. एका बाजूला हात जड पडला तर तिथल्या रेघा वेगळ्या. शिवाय पॅड झिजतो. पाठीवर ५०० छापलेलं असलं तरी बरेच बॉल घासून झालेला पॅड १००० सारखा वागतो. म्हणून जाणकार आकड्यावर विसंबत नाहीत, बॉलवरून नख फिरवून आवाज ऐकतात. मला नोकरीत आरए मोजायची यंत्रं हाताशी आहेत, तरी मीही नखच वापरते.

बॉल स्वतःहूनही बदलत असतो. काही गेममध्ये लेन त्याला घासून गुळगुळीत करते, चकाकलेला असेल तर चकाकी घालवते, आणि रेझिन तेल पीत जातं. कारखान्यातून आला तेव्हाचा बॉल आणि महिन्याभराने बॅगेत असलेला बॉल हे दोन वेगळे बॉल असतात. ‘आता पूर्वीसारखा चालत नाही’ म्हणून विकायला काढलेल्या कित्येक बॉलना फक्त धुऊन, तेल काढून, पुन्हा २००० चा हात द्यायची गरज असते. कंपन्या हे सांगायला फारशा उत्सुक नसतात.

मंडळातल्या एका काकूंनी माझी तीन चाकांवर ओढत नेलेली बॅग पाहून विचारलं होतं, “अगं, पाडायच्या दहाच बाटल्या ना? मग पाच-पाच बॉल कशाला?” एक प्लास्टिकचा, उरलेली एकटीदुकटी पिन सरळ जाऊन पाडायला. एक युरेथेनचा, एक खरखरीत, एक बेंचमार्क, एक पॉलिश केलेला. सामना सुरू झाला की बॉलला सँडपेपर लावता येत नाही. २०१९ पासून खेळताना ओलं फडकंही चालत नाही, फक्त कोरडा टॉवेल. तेव्हा ज्या पृष्ठभागाची गरज पडू शकेल तो आधीच तयार करून आणावा लागतो. काकूंना हे पटलं नाही. “आम्ही एकाच तव्यावर सगळं करतो,” म्हणाल्या.

सध्या एक नवा बॉल दुकानात मार्किंग होऊन पडला आहे. ड्रिलर म्हणतो, ठिपका पाच इंचांवर ठेवू, तुझा वेग अलीकडे कमी झालाय. मला चार हवेत, कारण पुढच्या मोसमात आमची लीग शेजारच्या गावातल्या केंद्रात जाणार आहे आणि तिथे तेल सढळ हाताने घालतात असं सगळे सांगतात. त्याचं म्हणणं, तेलाचा बंदोबस्त १००० च्या पॅडने कर, त्यासाठी भोकं कशाला हलवायची. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तरी मी शनिवारी त्या केंद्रात जाऊन माझा बेंचमार्क टाकून बघणार आहे, आणि मग त्याला फोन करणार आहे.